एका रुग्णाची खोली

९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर अणुबॉम्ब पडला, तेव्हा ग्रुप कॅप्टन लिओनार्ड चेशायर ब्रिटनचे निरीक्षक म्हणून विमानातून तो संहार पाहत होते. जपानी कॅथोलिकांची जुनी वस्ती असलेला उराकामी परिसर क्षणात भस्मसात झाला. १०० हवाई मोहिमा पार पाडून १९४४ साली व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारा हा योद्धा पुढे हवाई दलातून निवृत्त झाला.

माजी सैनिकांची वसाहत उभारण्याचा त्यांचा प्रयोग फसला. डोक्यावर कर्ज आणि हाती हॅम्पशायरमधील ‘ल कोर्ट’ हे मोठे घर उरले. १९४८ साली आर्थर डाइक्स या कर्करोगाने मरणासन्न झालेल्या माणसाला कोठेच आसरा नव्हता. चेशायर यांनी त्याला घरी आणले आणि अखेरपर्यंत स्वतः त्याची शुश्रूषा केली. त्याच वर्षी नाताळच्या पूर्वसंध्येला त्यांनी कॅथोलिक ख्रिस्तसभेत प्रवेश केला. त्या एका खाटेतूनच ‘चेशायर होम्स’ जन्मली.

१९५०च्या दशकात हे कार्य मुंबईत अंधेरीला पोहोचले. १९५९ साली मुंबईच्याच कॅथोलिक कॅथेड्रलमध्ये समाजसेविका स्यू रायडर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ३१ जुलै १९९२ रोजी ते निवर्तले, तेव्हा सुमारे ५० देशांत अपंगांसाठी अशी निवासगृहे होती.

शांतीचे कार्य त्यांनी परिषदांपासून नव्हे, एका रुग्णाच्या उशाशी बसून आरंभले. आपल्या धर्मग्रामातही अशी एखादी खाट आहे. तिच्यापाशी कोण बसते?