स्वतःचे सूर, स्वतःची सही



गटाच्या बैठकीत आम्ही सही शिकण्याचा आग्रह धरतो, तेव्हा एखादी आजी हमखास म्हणते, "आता या वयात कशाला गं? अंगठा आहे की." आज आम्ही अशा एका बाईची गोष्ट सांगणार आहोत, जिच्या बोटांत सूर भरलेले होते, पण ते कागदावर उतरवता येत नव्हते.

तिचं नाव मेरी लू विल्यम्स. जन्म ८ मे १९१०, अमेरिकेतल्या अटलांटा शहरातला. ती पियानो वाजवायची आणि तिचं संगीत होतं जॅझ. जॅझ हे अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी घडवलेलं संगीत. चाल ठरलेली असते, पण वाजवणारा ऐन वेळी तिच्यात स्वतःची भर घालतो. भजनात बुवा एकच ओळ दरवेळी निराळी फिरवतात ना, तसंच काहीसं.

मेरीची आई पायपेटी वाजवायची. मांडीवरच्या तान्ह्या लेकीने ऐकून ऐकूनच सूर उचलले. पुढे कुटुंब पिट्सबर्गला आलं. तिथले गोरे शेजारी यांच्या घरावर विटा फेकायचे. मेरी त्यांच्या घरी जाऊन पियानो वाजवू लागली, तेव्हा विटा थांबल्या. सहाव्या वर्षापासूनच ती वाजवून मिळालेल्या पैशातून घराला हातभार लावत होती.

लग्न झालं ते एका सॅक्सोफोन वाजवणाऱ्याशी. तो अँडी कर्क यांच्या बँडमध्ये होता, ही मात्र बाहेरच. हाताला दुसरं काम नव्हतं तेव्हा मृतदेह नेणारी गाडीसुद्धा तिने चालवली. १९२९मध्ये कॅन्सस सिटीत बँडची परीक्षा होती आणि नेमका पियानोवाला आलाच नाही. ऐन वेळी मेरीला बसवलं, आणि रेकॉर्ड कंपनीला तीच पसंत पडली.

तिला नव्या चाली सुचत, पण लिहिता येत नव्हत्या. ती वाजवून दाखवायची आणि कर्क लिहून घ्यायचे. कधी कधी तासन् तास हेच चालायचं. शेवटी या पद्धतीला कंटाळून ती स्वतःच लिहायला शिकली. सुरुवातीला चुका झाल्या. वाद्याला झेपणार नाहीत असे सूर लिहिले गेले. मग ज्याचं वाद्य त्यालाच विचारत ती शिकत गेली.

१९३०मध्ये शिकागोला तिने एकटीने वाजवलेल्या 'नाइट लाइफ' आणि 'ड्रॅग एम' या दोन रचनांची रेकॉर्ड निघाली. 'मेरी लू' हे नावही कंपनीच्या माणसानेच सुचवलेलं. रेकॉर्ड भरपूर खपली, पण आपल्याला त्याचा एक पैसाही मिळाला नाही, असं तिनेच पुढे लिहून ठेवलंय.

लिहिता येऊ लागल्यावर मोठमोठे बँडवाले तिच्याकडे रचना मागू लागले. १९३७मध्ये बेनी गुडमन यांच्या बँडसाठी लिहिलेली 'रोल एम' गाजली. गुडमन म्हणाले, फक्त आमच्यासाठी लिही. तिने नकार दिला. आपलं काम एकाच्याच दावणीला बांधायचं नाही, हे तिने ठरवलं होतं.

१९४५मध्ये तिने बारा राशींवर बारा रचना केल्या, 'झोडियाक सूट'. न्यूयॉर्कच्या रेडिओवरच्या आपल्या कार्यक्रमात ती दर आठवड्याला एकेक रास वाजवायची. त्याच वर्षी त्यांची रेकॉर्ड निघाली आणि ३१ डिसेंबरला टाउन हॉलमध्ये त्या वाद्यवृंदासह सादर झाल्या. हार्लेममधल्या तिच्या घरी थेलोनियस मंक, डिझी गिलेस्पी असे तरुण वादक जमत आणि तिचा सल्ला घेत. जॅझ बदलत होतं, आणि त्या बदलात तिचा वाटा होता.

१९५४मध्ये पॅरिसला तिने वाजवणं थांबवलं. नशेत अडकलेल्या वादकांना सावरायला तिने जुन्या कपड्यांचं दुकानही चालवलं. १९५७मध्ये ती परत पियानोवर बसली. पुढे १९६०च्या दशकात तिने स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली आणि नाव ठेवलं 'मेरी रेकॉर्ड्स'. जिच्या एकटीच्या पहिल्या रेकॉर्डचा पैसा दुसऱ्याच्या गल्ल्यात गेला, तिने आता गल्लाच आपला केला. शेवटची काही वर्षं ती ड्यूक विद्यापीठात शिकवत होती. २८ मे १९८१ला ती गेली.

मैत्रिणींनो, आमच्या गटाने दोन वर्षं एका व्यापाऱ्याला चटण्या करून दिल्या. चव आमची, पाकिटावर नाव त्याचं. किती पाकिटं विकली, हे विचारायलाही आमच्याकडे कागद नव्हता. आता आम्ही दर घाण्याची नोंद वहीत करतो आणि पाकिटावर गटाचं नाव छापतो. विक्री अजून थोडीच आहे, पण हिशेब आमच्या हातात आहे.

म्हणून पुढच्या बैठकीला येताना वही-पेन घेऊन या. आजी, तुम्हीसुद्धा. अंगठा आहेच, पण सही आपली आपण करू.