पत्रे येत होती, जात नव्हती

नोकरीची पहिली वर्षे ज्यांनी १९९५ ते २००५ या काळात काढली, त्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना मोडेमची ती किरकिर अजून आठवत असेल. नंतरच्या तुकड्यांना ती सांगावी लागते. त्यांच्यासाठी ही त्या काळाची हकिकत.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. सुरुवात मुंबई, दिल्लीसारख्या मोठ्या शहरांतून झाली. नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी कंपन्यांनाही हे क्षेत्र खुले झाले. शिक्षणासाठी, नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलेल्या आपल्या मुलांच्या हाती ई-मेल आला तो याच काळात. अडचण यायची ती सुट्टीत गावी आल्यावर.

२००० सालच्या दिवाळीत मी भंडाऱ्याला आलो होतो. वडिलांचे ऑपरेशन नुकतेच झाले होते. भाऊबीजेनंतरच्या सोमवारी सकाळपर्यंत मुंबईच्या एका ग्राहकाला नकाशे पोचवायचे होते. ते ई-मेलने गेले नाहीत, तर वडिलांना तसेच सोडून नागपूरहून गाडी पकडावी लागणार होती. नोकरी नवी होती, नाही म्हणण्याची सोय नव्हती.

माझ्या इंटरनेट खात्याचा जवळचा नंबर नागपूरचा, म्हणजे ०७१२ लावून एसटीडी. घरच्या फोनला एसटीडी नव्हते. आमच्या एका वर्गमित्राने आपल्या एसटीडी बूथमध्ये कॉम्प्युटर ठेवला होता, तिथे रात्री अकरानंतर, दर उतरल्यावर बसलो. तीनदा लाइन तुटली, चौथ्यांदा लागली. आलेली पत्रे भराभर उतरली. माझे पत्र मात्र जाईना. आधी लाइनला दोष दिला. फोनची वायर बदलली, नकाशे काढून नुसत्या दोन ओळी पाठवून पाहिल्या. त्याही परत. गंमत म्हणजे पुण्याला साहेबांना पाठवलेले पत्र लगेच गेले. पण कार्यालय दिवाळीसाठी बंद. ते पुढे मुंबईला पाठवणार कोण?

तेव्हा पडद्यावरचा संदेश नीट वाचला. क्रमांक ५५०, 'रिलेइंग डिनाइड'. म्हणजे कार्यालयाचा सर्व्हर सांगत होता, की बाहेरून आलेल्या माणसाचे पत्र मी तिसऱ्याकडे पोचवणार नाही.

यामागे इतिहास आहे. पत्र पाठवण्याची एसएमटीपी ही पद्धत १९८२ मध्ये ठरली. तेव्हा जाळ्यावर मोजकी विद्यापीठे आणि संस्था होत्या, त्यामुळे पाठवणाऱ्याची ओळख विचारायची सोयच तिच्यात ठेवली नव्हती. कोणीही कोणाचेही पत्र पुढे सरकवावे, ही रीत होती. नव्वदच्या दशकात जाहिरातबाजांनी तिचा गैरफायदा घेतला आणि सर्व्हरांनी परक्यांसाठी दारे बंद केली. आलेले पत्र घेताना पासवर्ड विचारला जाई, म्हणून ते कुठूनही मिळे. पाठवताना फक्त पाहिले जाई, की हा आपल्या जाळ्यातून बोलतो आहे का. मी पुण्यात बसलो असतो तर चालले असते. भंडाऱ्यात बसून मी परका ठरलो होतो.

मी मित्राला हे समजावत होतो. तो सहज म्हणाला, "अबे, पत्र टाकाले पुण्याच्याच डब्यात टाकाले लागते का? इथल्या डब्यात टाक ना."

उत्तर तेच होते. घेण्याचा पत्ता पुण्याचाच ठेवला आणि पाठवण्याच्या सर्व्हरच्या जागी, ज्यांच्यामार्फत नागपूरहून जोडलो होतो त्यांच्या सर्व्हरचे नाव घातले. ते खात्यासोबत मिळालेल्या कागदावर छापलेलेच होते. दोन ओळींचे पत्र तत्काळ गेले.

नकाशे राहिले होते. ई-मेलला जोडलेली फाइल मूळच्या सुमारे सव्वापट-दीडपट फुगते, आणि मध्येच लाइन तुटली तर पुन्हा पहिल्यापासून. म्हणून झिप करून छोटे तुकडे केले आणि एकेक पाठवला. शेवटचा तुकडा गेला तेव्हा पहाटेचे चार वाजले होते. सोमवारी मी वडिलांजवळच होतो.

पाठवतानाही पासवर्ड विचारण्याची पद्धत खरे तर मार्च १९९९ मध्येच प्रसिद्ध झाली होती. सगळीकडे रुजायला वर्षे लागली. ब्राउझरमधून चालणाऱ्या हॉटमेलसारख्या सेवांना ही अडचण नव्हती, म्हणून प्रवासात त्यांचा मोठा आधार वाटे. २००५ पासून बीएसएनएलचे ब्रॉडबँड आले आणि मोडेमची किरकिर हळूहळू थांबली. आता माणूस कुठून बोलतो याला महत्त्व नाही, तो कोण आहे एवढेच पाहिले जाते.

मित्राचा बूथ कधीच बंद झाला. त्या रात्रीचे बिल मात्र त्याने अजून सांगितलेले नाही. या मेळाव्यात त्याला गाठून ते विचारायचे आहे.