भय, संशय आणि ख्रिस्तपुराण

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’ची आपल्याकडे आठवण निघते ती बहुधा त्यातील मराठीच्या स्तुतीमुळे. एका इंग्रज धर्मोपदेशकाने आपल्या भाषेची थोरवी गावी, याचा अभिमान वाटणे स्वाभाविकच होय. परंतु हा ग्रंथ भाषेच्या गौरवासाठी लिहिला गेला नव्हता. तो भयग्रस्त आणि संशयग्रस्त माणसांसाठी लिहिला गेला होता, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

ज्या कथेवर हे पुराण उभे आहे, त्या कथेतच भय आणि संशय ओतप्रोत आहेत. येशूच्या पुनरुत्थानाची वार्ता प्रथम ज्या स्त्रियांना कळली, त्या थडग्यापासून भिऊन पळाल्या, असे मार्कचे शुभवर्तमान सांगते. योहानाच्या वृत्तांतात शिष्य दारे लावून बसलेले दिसतात. थोमा तर जखमा स्वतः पाहून त्यांना हात लावल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही, असे बजावतो. येशू आठ दिवसांनी पुन्हा येतो तो त्याच्यासाठी, आणि प्रथम त्या जखमाच पुढे करतो. संशयी शिष्याला बाहेर घालवले जात नाही, हे येथे महत्त्वाचे. हाच थोमा पुढे भारतात आला, अशी केरळातील ख्रिस्ती समाजाची परंपरा आहे.

स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले आणि त्यांचे बहुतेक आयुष्य सासष्टीत गेले. त्या काळची सासष्टी निर्भय नव्हती. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशनची स्थापना झाली होती. १५६७ च्या सुमारास सासष्टीतील देवळे पाडण्यात आली होती. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे पाच जेझुइट पाद्री मारले गेले, आणि पुढे वाटाघाटीस बोलावलेल्या गावप्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात ठार करण्यात आले. नवख्रिस्ती माणूस दुहेरी पेचात सापडला होता. जुने देव आणि जुन्या पोथ्या हातच्या गेल्या होत्या, नवा धर्म अद्याप अंगवळणी पडला नव्हता, आणि शंका मोठ्याने बोलून दाखवणे धोक्याचे होते.

अशा श्रोत्यांना आपल्या पुराणांसारखे काही हवे होते. त्यांची ही गरज ओळखून स्टीफन्स यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे पुराण रचले. ते १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. पहिल्या पुराणात जुन्या कराराची कथा आहे आणि दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. पुराणाची चौकट स्वीकारल्याने श्रोत्याची शंका आणि वक्त्याचे निरूपण हा आपला जुना रिवाजही ग्रंथात आला. बाहेर जी शंका जपून उच्चारावी लागे, तिला ओवीत सन्मानाची जागा मिळाली. आमच्या मते या ग्रंथाचे खरे मोठेपण येथे आहे.

या पुराणाचा कस पुढे गोव्याबाहेर लागला. इन्क्विझिशन, दुष्काळ आणि लढाया यांमुळे अनेक ख्रिस्ती कुटुंबे कानडा प्रांतात जाऊन स्थायिक झाली होती. १७८४ मध्ये टिपू सुलतानाने तेथील ख्रिस्ती लोकांना कैद करून श्रीरंगपट्टणास नेले. वाटेत आणि बंदिवासात असंख्य माणसे दगावली. जे वाचले त्यांची सुटका १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर झाली. या पंधरा वर्षांत, धर्मगुरू जवळ नसताना, ख्रिस्तपुराणाच्या ओव्यांनी धीर दिला, असे मंगळूरच्या ख्रिस्ती समाजात परंपरेने सांगितले जाते. ज्याच्या घरातला माणूस कैदेत गेला, त्याला मरण हा शेवट नव्हे, हे सांगणारी कथा म्हणजे केवळ पांडित्य नव्हते. पुढे १९०७ मध्ये जोसेफ साल्ढाणा यांनी हा ग्रंथ पुन्हा छापला तोही मंगळूरातच, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

येथे एक भेद स्पष्ट करणे आम्हांस आवश्यक वाटते. श्रद्धा भय घालवू शकते. सत्ता श्रद्धेचे नाव घेऊन भय निर्माणही करू शकते. गोव्यात दोन्ही गोष्टी एकाच काळी घडल्या. १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेचा वापर तीन वर्षांत बंद करण्याचा हुकूम काढला. ज्या लोकवाणीत धर्म समजावून सांगण्यासाठी स्टीफन्स यांनी आपले आयुष्य वेचले, तिचीच त्या सत्तेला भीती वाटू लागली होती.

पुनरुत्थानावरील विश्वास पटणे न पटणे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र इतके अवश्य नोंदवावे की, त्या विश्वासाने माणसांना धीर दिला तो हुकमाच्या बळावर नव्हे. त्यांच्या शंकेला त्यांच्याच भाषेत उत्तर मिळाले, म्हणून तो धीर त्यांना आपला वाटला. मराठीने या कामी आपली ओवी दिली, याचा अभिमान आपण बाळगावा. भाषेच्या स्तुतीपेक्षा तो अधिक सार्थ ठरेल.