जुन्या छोट्या कारला टर्बो बसवता येतो का? खर्च, धोका आणि कायदा, सगळा हिशोब सोप्या भाषेत

नगरहून पाथर्डीकडे निघालात की करंजी घाट लागतो. संभाजीनगरकडे निघालात तर इमामपूर घाट, आणि संगमनेरहून पुण्याला जाताना चंदनापुरी घाट. घरातली जुनी झेन, अल्टो किंवा वॅगनआर असेल, आत चार-पाच माणसं आणि वर एसी चालू असेल, तर घाटात दुसऱ्या गिअरवर यावंच लागतं. मागून एखादी नवी एसयूव्ही सुसाट निघून जाते आणि मनात विचार येतो, "आपल्या गाडीला टर्बो बसवला तर?"

मग मोबाईलवर व्हिडिओ सुरू होतात. कुणी भंगारातून टर्बो आणतो, दोन पाईप वेल्ड करतो आणि गाडी उडते! पण खरंच हे इतकं सोपं आहे का? चला, एकेक मुद्दा पाहू.

टर्बो म्हणजे नेमकं काय?

इंजिनला ताकद मिळते ती पेट्रोल आणि हवा एकत्र जळून. पेट्रोल जास्त सोडणं सोपं आहे, पण ते जाळायला हवाही तेवढीच जास्त लागते. साधं इंजिन पिस्टन खाली जाताना जेवढी हवा ओढेल तेवढ्यावरच चालतं.

टर्बो ही हवा जबरदस्तीने आत ढकलतो. सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुराच्या वाटेत एक पंखा असतो, त्याला टर्बाइन म्हणतात. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा असतो, तो कॉम्प्रेसर. धुराने पहिला पंखा फिरतो आणि दुसरा ताजी हवा दाबून इंजिनमध्ये भरतो. वाया जाणारी ऊर्जा कामाला लागते. हा दांडा मिनिटाला १ लाखापेक्षा जास्त फेरे घेतो, आणि तोही इंजिन ऑइलच्या पातळ थरावर तरंगत. हे ऑइल लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कल्पना नवी नाही. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये याचं पेटंट घेतलं होतं. विक्रीच्या कारमध्ये टर्बो आला तो १९६२ मध्ये, अमेरिकेत.

कंपनीने हेच केलं, तेव्हा काय काय बदललं?

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. टाटांची पुण्यात तयार झालेली इंडिका १९९८ च्या शेवटी आली. तिचं १४०५ सीसीचं डिझेल इंजिन आधी बिनटर्बोचं होतं, ताकद साधारण ५३ पीएस. पुढे त्याच १४०५ सीसी इंजिनला टर्बो आणि इंटरकूलर लागला आणि आकडा ७० पीएसच्या आसपास गेला.

पेट्रोलमध्ये पाहा. मारुतीच्या अल्टो के१० चं ९९८ सीसी इंजिन ६८ पीएस आणि ९० एनएम देतं. २०१७ मध्ये आलेल्या बलेनो आरएसचं इंजिनही ९९८ सीसीचंच, पण टर्बोसह १०२ पीएस आणि १५० एनएम! म्हणजे टॉर्क दीडपटीहून जास्त.

पण थांबा. बलेनो आरएसमध्ये फक्त टर्बो नव्हता. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणारी डायरेक्ट इंजेक्शन सिस्टिम होती. आणि साध्या बलेनोला मागे ड्रम ब्रेक असताना आरएसला मागेही डिस्क ब्रेक दिले होते. ताकद वाढवली तर गाडी थांबवायची सोयही वाढवावी लागते, हे कंपनीला माहीत होतं. यूट्यूबवरच्या जुगाडात नेमकं हेच सुटतं.

हवेचा हिशोब: किती ताकद वाढेल?

समजा झेनचं ६० पीएसचं एमपीएफआय इंजिन आहे आणि तुम्ही हवेचा दाब १.४ पट केला. मग ताकदही १.४ पट होईल का? नाही.

हवा दाबली की तापते. सायकलच्या पंपाचं टोक गरम होतं, तसंच. नगरच्या उन्हाळ्यात बाहेर ४० अंश असेल, तर छोट्या टर्बोतून निघणारी हवा ९० अंशांच्या आसपास जाते. गरम हवा विरळ असते, त्यामुळे प्रत्यक्षात हवा साधारण २१ टक्केच जास्त भरते. इंटरकूलर लावून तीच हवा ५५ अंशांवर आणली, तर फायदा ३३ टक्क्यांच्या घरात जातो.

म्हणजे इंटरकूलरसह कागदावर ६० चे ८० पीएस होतात. प्रत्यक्षात त्याहून कमीच, कारण टर्बाइन धुराची वाटही थोडी अडवतो.

इंजिन का बसतं?

१. नॉकिंग: दाब आणि उष्णता जास्त झाली की पेट्रोल ठिणगीच्या इशाऱ्याची वाट न पाहता भडकतं. आतून खडखड असा आवाज येतो. पिस्टनवर हातोडा मारल्यासारखंच ते असतं. हेड गॅस्केट उडतं, नाहीतर पिस्टनला भोक पडतं.

२. पेट्रोल कमी पडणं: साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल हे नेहमीचं प्रमाण. टर्बोच्या दाबाखाली मात्र १२ भागांच्या आसपास हवा आणि १ भाग पेट्रोल असं जास्त श्रीमंत मिश्रण लागतं. जुने इंजेक्टर तेवढं पेट्रोल देऊ शकत नाहीत.

३. ईसीयूला कळतच नाही: बिनटर्बोच्या गाडीचा प्रेशर सेन्सर बाहेरच्या हवेच्या दाबापर्यंतच मोजायला बनवलेला असतो. त्यावरचा दाब त्याला दिसत नाही. मग ईसीयू जुन्याच हिशोबाने पेट्रोल आणि ठिणगी देत राहतो.

४. ऑइल: टर्बोला सतत ऑइल लागतं आणि ते परत चेंबरमध्ये नीट उतरायला हवं. घाट चढून आल्या आल्या इंजिन बंद केलं, तर आतलं ऑइल जळून कोळशासारखं जमतं आणि बेअरिंग जातं.

बजेटमध्ये काय काय धरायचं?

टर्बो स्वतः जुन्या बाजारात स्वस्तात मिळून जातो. खेळ त्यानंतर सुरू होतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! कुठल्याही गॅरेजवाल्याशी बोलण्याआधी ही यादी मोबाईलमध्ये सेव्ह करा:

- टर्बो, तोही इंजिनच्या आकाराला साजेसा (मोठ्या डिझेल गाडीचा टर्बो छोट्या इंजिनवर वेळेत फिरतच नाही)
- तो बसवायला नवीन एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि डाउनपाईप
- इंटरकूलर आणि त्याचे पाईप
- दाब मर्यादेत ठेवणारा वेस्टगेट
- ऑइल येण्याजाण्याच्या लाइन
- मोठे इंजेक्टर आणि जास्त ताकदीचा फ्युएल पंप
- नवा प्रेशर सेन्सर, ट्यून करता येणारा ईसीयू आणि जाणकाराकडून ट्यूनिंग
- बूस्ट गेज आणि हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारं गेज
- क्लच प्लेट, ब्रेक, टायर
- काही चुकलंच तर इंजिन पुन्हा बांधायचे पैसे

या यादीत "हे नंतर बघू" असं काहीही नाही. विशेषतः ट्यूनिंग. ट्यूनिंगचे पैसे वाचवले की इंजिनचे जातात. सगळी बेरीज केली तर ती बऱ्याचदा जुन्या गाडीच्या किमतीच्याही पुढे जाते.

आणि हो, गाडी कार्ब्युरेटरची असेल तर हा विषय इथेच सोडलेला बरा.

कायदा काय म्हणतो?

हा भाग बहुतेक व्हिडिओंमध्ये नसतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. सीएनजीसारख्या बदलाला मान्यताप्राप्त किट असतं आणि ते आरसीवर चढवता येतं. भंगारातून जुळवलेल्या टर्बोला अशी मान्यता नसते.

शिक्षा? कलम १८२अ नुसार प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

गंमत म्हणजे देशात गाड्या तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या मोजक्या संस्थांपैकी एक आपल्याच नगरमध्ये आहे. डीआरडीओची व्हीआरडीई. नवीन मॉडेल रस्त्यावर येण्याआधी अशा संस्थांमध्ये ब्रेक, धूर, आवाज सगळं तपासलं जातं. गल्लीतल्या गॅरेजमध्ये बसवलेल्या टर्बोची अशी कोणतीच तपासणी झालेली नसते.

सगळ्यात मोठा मुद्दा इन्शुरन्सचा. न कळवता केलेला बदल अपघातानंतर सापडला, तर क्लेम अडकू शकतो. गाडी बहुतेक वेळा वडिलांच्या नावावर असते. म्हणजे हौस तुमची आणि नोटीस त्यांना.

मग करायचं काय?

१. आधी गेलेली ताकद परत आणा. जुन्या गाडीची बरीच ताकद झिजेत गेलेली असते. कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. सिलिंडर-सिलिंडरमध्ये १०-१५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल, तर टर्बोचं नावही काढू नका. स्पार्क प्लग, एअर फिल्टर, इंजेक्टर क्लीनिंग, क्लच, चिकटणारे ब्रेक, टायरमधली हवा, हे सगळं तपासा. घाटातला फरक लगेच जाणवतो.

२. मोबाईलचा वापर करा. ब्लूटूथ ओबीडी अडॅप्टर काहीशे रुपयांत मिळतो. फोनमध्ये ॲप टाकलं की इंजिनचं तापमान, एरर कोड, सेन्सरचे आकडे दिसतात. मात्र आपल्याकडे ओबीडी २ एप्रिल २०१३ पासून सक्तीचं झालं. त्याआधीच्या गाडीत ॲप चालेलच असं नाही, अडॅप्टर घेण्याआधी खात्री करा.

३. टर्बोच हवा असेल तर कंपनीचा घ्या. जुन्या गाडीचे पैसे आणि वरच्या यादीचे पैसे एकत्र करा, आणि सेकंडहँड बाजार बघा. बलेनो आरएस, पोलो जीटी टीएसआय, नेक्सॉन पेट्रोल, किंवा १.३ डिझेल स्विफ्ट. स्विफ्ट डिझेलचा टर्बो तर कंपनीतूनच १९० एनएम देतो. घेण्याआधी आरसीचे तपशील एमपरिवहन ॲपवर तपासा.

४. शिकायचंच असेल तर योग्य जागी शिका. लोणी, संगमनेर, कोपरगाव इथे इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत. विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला भारतसारख्या स्पर्धेत इंजिनला टर्बो लावायला नियमातच परवानगी आहे. तिथे गाडी रस्त्यावर नाही, ट्रॅकवर धावते आणि आधी तिची कडक तपासणी होते.

थोडक्यात प्रश्न-उत्तरं

*फक्त ०.२ बार बूस्ट ठेवला तर चालेल का?*
इंजिनवर ताण कमी येईल, पण पेट्रोल, ऑइल आणि कायदा हे तिन्ही प्रश्न तसेच राहतात.

*इलेक्ट्रिक टर्बो म्हणून ऑनलाइन छोटा पंखा मिळतो, तो घ्यावा का?*
नाही. खऱ्या टर्बोला हवा दाबायला काही किलोवॅट ताकद लागते. १२ व्होल्टच्या छोट्या पंख्याकडे ती नसते.

*जुन्या डिझेलला टर्बो सोपा जातो का?*
तांत्रिकदृष्ट्या हो, कारण तिथे पेट्रोलसारखं नॉकिंग होत नाही. पण उष्णता, धूर आणि कलम ५२ तेच आहेत.

टर्बो ही भन्नाट गोष्ट आहे, यात शंका नाही. पण तो एक सुटा पार्ट नसून पूर्ण सिस्टिम आहे. घाटात मागून हॉर्न देणाऱ्याला पुढे जाऊ द्या. घरातल्या पाच जणांना घेऊन वर पोहोचणारी आणि उतारावर वेळेत थांबणारी गाडी हीच चांगली गाडी.

तुमच्या ग्रुपमध्ये कुणी भंगार बाजारातून टर्बो आणायच्या बेतात असेल, तर त्याला ही माहिती आजच पाठवा.