गंजाने गिळलेली रेल्वे

लोखंड गंजण्यास हवा आणि पाणी दोन्ही लागतात, हे आपण खिळे व परीक्षानळ्या घेऊन वर्गात दाखवतो. याच साध्या क्रियेने इंग्लंडमधील एक अख्खा रेल्वेमार्ग कसा संपवला, ते येथे पाहू.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिव्हरपूलच्या गोदीलगतच्या रस्त्यावर गाड्यांची व माणसांची एकच गर्दी असे. म्हणून रस्त्याच्या वर, लोखंडी खांबांवर, प्रवासी रेल्वे बांधण्यात आली. जेम्स ग्रेटहेड आणि डग्लस फॉक्स हे तिचे अभियंते. ४ फेब्रुवारी १८९३ रोजी तिचे उद्घाटन झाले. विजेवर चालणारी ती जगातील पहिली उन्नत रेल्वे होय. पावसात तिच्याखालून कोरडे चालता येई, म्हणून लोक तिला ‘गोदी कामगारांची छत्री’ म्हणत.

मात्र या छत्रीखालीच गोदीच्या मालगाड्या धावत, आणि त्यांना वाफेची इंजिने होती. वरची गाडी विजेची असली तरी खालचा धूर व वाफ वरच्या घडीव लोखंडाच्या पत्र्यांवर आदळत असे. कोळशातील गंधक जळून सल्फर डायऑक्साइड बनतो व ओलाव्यात त्याचे आम्ल होते. आम्लामुळे गंजण्याचा वेग वाढतो. ॲल्युमिनियमवरील ऑक्साइडचा थर धातूला चिकटून राहतो व त्याचे रक्षण करतो. लोखंडाचा गंज मात्र सच्छिद्र असतो. त्याचे पापुद्रे सुटतात आणि आतले लोखंड पुन्हा उघडे पडते.

१९५५ मधील तपासणीत दुरुस्तीचा खर्च सुमारे २० लाख पौंड निघाला. १९४८ मध्ये ब्रिटिश रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, त्यातून ही रेल्वे वगळलेली होती. कंपनीपाशी एवढा पैसा नव्हता आणि इतर कोणी भार उचलला नाही. प्रवासी असूनही ३० डिसेंबर १९५६ रोजी गाड्या थांबल्या. पुढच्या वर्षी पाडकाम सुरू झाले व लोखंड भंगारात गेले. तिचा एक जुना डबा लिव्हरपूलच्या संग्रहालयात जपलेला आहे.

खिळ्यांचा प्रयोग झाल्यावर ही हकिगत मुलांना जरूर सांगावी. रंगरंगोटी व देखभाल यांचा खर्च पूल बांधतानाच का धरावा लागतो आणि तो कोणी सोसावा, यावर वरच्या वर्गांत चांगली चर्चा होऊ शकेल, असे आम्हांला वाटते.