छपरावरची शाळा

अमेरिकी आरमारात गुप्तवार्तेचं खातं 1882 साली निघालं. परदेशात कोणती जहाजं बांधली जाताहेत, त्यांच्यावर तोफा किती मोठ्या, हे वकिलातींत नेमलेले अधिकारी कळवायचे आणि वॉशिंग्टनमध्ये त्याच्या नोंदी व्हायच्या. जहाजांत मुरलेल्या माणसाला एवढं जमायचं. पुढे बिनतारी संदेश आले. क्षितिजापलीकडचं जहाज दिसत नसलं तरी ऐकू येऊ लागलं, आणि ऐकलेल्याचा अर्थ लावणारी माणसं मुद्दाम घडवावी लागणार हे उघड झालं.

1924 मध्ये लॉरन्स सॅफर्ड या तरुण अधिकाऱ्याकडे परकी संकेतलिप्या उलगडण्याचं काम आलं. जपानी आरमाराचे संदेश मोर्समध्येच असत, पण ते मोर्स काताकाना लिपीसाठी रचलेलं होतं. टिंब-रेघ ऐकली की अमेरिकी ऑपरेटर ‘ए’ लिहिणार, जपानी ‘इ’. ‘बी’चे ठोके तिकडे ‘हा’चे, ‘सी’चे ‘नि’चे. शिवाय अक्षरं इंग्रजीच्या जवळजवळ दुप्पट. हातात आणि कानात वर्षानुवर्षं बसलेली एक सवय बाजूला सारून दुसरी बसवायची होती. पूर्वेकडच्या ठाण्यांवर काही ऑपरेटरांनी कुणी सांगितलं नसताना, निव्वळ कुतूहलापोटी, हे ठोके शिकून घेतले होते. हॅरी किडर हा त्यांच्यातला एक. हुद्दा चीफ रेडिओमनचा, म्हणजे अधिकारीवर्गाबाहेरचा. ऐकणाऱ्यांच्या कुळाचा मूळपुरुष मी त्यालाच मानतो.

ऑक्टोबर 1928 मध्ये वॉशिंग्टनला, नौदल खात्याच्या मुख्य इमारतीच्या छपरावर, काँक्रीटच्या एका खोलीत किडरच्या हाताखाली पहिला वर्ग भरला. वर जायला शिडी होती. विद्यार्थी मोजकेच, जहाजांवर काम केलेले रेडिओमन. कसला अभ्यास चालतो हे बाहेर कुणाशी बोलायचं नाही, घरीसुद्धा नाही, अशी सक्त ताकीद. 1941 पर्यंत तिथून 150 नौसैनिक आणि 26 मरीन शिकून बाहेर पडले. एकमेकांत ते स्वतःला ‘ऑन-द-रूफ गँग’ म्हणवत.

आधी ठोके, मग ते अंडरवुडच्या खास टंकयंत्रावर त्याच वेगाने उतरवणं. खरं शिक्षण मात्र त्याच्या पुढचं. संदेश उलगडत नसला तरी तो पाठवणारं जहाज स्वतःबद्दल पुष्कळ सांगून जातं: कोणत्या खुणेनं हाक मारली, कुणाला मारली, दिवसातून किती वेळा, कोणत्या दिशेनं. पाठवणाऱ्याचा ‘हात’सुद्धा ओळखता येतो. कुणी रेघ लांबवतो, कुणी दोन अक्षरांमध्ये क्षणभर थांबतो. जहाजाची खूण बदलली तरी हात तोच राहतो. अशा तुकड्यांवरून आरमाराची रचना कागदावर उभी करायची. आज विश्लेषक म्हणून जो पेशा आपण ओळखतो, त्याचा एक मोठा भाग या रोजच्या टिपणवह्यांतून आला. संकेतलिप्या फोडणाऱ्या बुद्धिमंतांच्या कथा खूप सांगितल्या जातात. टिपणारे मागे राहतात. मला हा अन्याय वाटतो, कारण आधी कुणी अचूक टिपलं नसतं तर फोडायला हाती काही आलंच नसतं.

भाषेचं शिक्षण दुसऱ्या वाटेनं चाललं होतं. निवडक अधिकाऱ्यांना तीन वर्षं जपानमध्ये ठेवून जपानी शिकवत. 1929 मध्ये जोसेफ रोशफोर्ट आणि एडविन लेटन एकाच जहाजानं तिकडे गेले. 1941 साली दोघंही पर्ल हार्बरला होते. रोशफोर्ट संदेश उलगडणाऱ्या तुकडीचा प्रमुख, लेटन ताफ्याचा गुप्तवार्ता अधिकारी.

त्या वर्षीच्या 1 नोव्हेंबरला जपानी आरमारानं सगळ्या हाकेच्या खुणा बदलल्या आणि 1 डिसेंबरला पुन्हा बदलल्या. इतक्या लवकर दुसरा बदल हीच मोठी बातमी होती, आणि ऐकणाऱ्यांनी ती तत्काळ वर कळवली. पण विमानवाहू जहाजं मुळीच ऐकू येत नव्हती. 2 डिसेंबरला लेटननं ताफ्याचे सेनापती किमेल यांना तसं स्पष्ट सांगितलं. याआधीही ही जहाजं अशी गप्प झाली होती आणि तेव्हा ती मायदेशाच्या पाण्यातच असायची. म्हणून यंदाचाही अर्थ तसाच लावला गेला. 7 तारखेला पर्ल हार्बरवर हल्ला झाला तेव्हा ती जहाजं हवाईच्या उत्तरेला होती. ऐकण्यात कसूर झाली नव्हती. मागच्या अनुभवावर बेतलेला अंदाज चुकला. न येणाऱ्या आवाजाला किमान दोन अर्थ असतात आणि दोन्ही शेवटपर्यंत जागे ठेवायचे असतात, हा धडा कोणत्याही विश्लेषकाला पहिल्या दिवशी द्यायला हवा.

सहा महिन्यांत मिडवेची लढाई आली. जपानी संदेशांतलं ‘एएफ’ हे ठिकाण म्हणजे मिडवेच, याची खात्री करायला तिथून पाण्याचं यंत्र बिघडल्याचा खोटा संदेश उघड भाषेत पाठवण्यात आला. ‘एएफ’वर पाणी कमी आहे असं जपान्यांनी कळवलं आणि तो ठोकाही इकडे पकडला गेला. जून 1942 मध्ये अमेरिकी ताफा दबा धरून बसला होता तो यामुळे.

रोशफोर्टला मरणोत्तर का होईना, 1986 मध्ये राष्ट्राध्यक्षांचं स्वातंत्र्यपदक मिळालं. छपरावर शिकलेल्यांनी मात्र युद्धानंतरही कित्येक वर्षं तोंड उघडलं नाही. आता फ्लोरिडात पेन्साकोलाजवळच्या कॉरी स्टेशनवर नौदलाचे संकेततज्ज्ञ शिकतात, आणि या 176 जणांचं स्मारक त्याच आवारात आहे.