वडिलांच्या नावावरचं घर विकायचंय? इसार घेण्याआधी ही कागदपत्रं तयार करा

वडील वारले, मुलं पुण्या-मुंबईला, गावातलं घर बंद. गिऱ्हाईक येतं, भाव ठरतो, इसारही घेतला जातो. आणि खरेदीखताच्या वेळी कळतं की उतारा अजून वडिलांच्याच नावावर आहे आणि बहिणीची सही लागणार आहे. तिथेच व्यवहार अडकतो, कधी कधी नात्यातही कायमचं वितुष्ट येतं. म्हणून गिऱ्हाईक शोधण्याआधी पुढची तयारी करा.

1) मृत्यूचा दाखला
मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची असते. नोंदच राहून गेली आणि वर्ष उलटलं, तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. दाखल्यावरचं नाव आणि उताऱ्यावरचं नाव एकच आहे ना, हे पाहा.

2) मृत्युपत्र आहे का?
पेटी, कपाट, बँकेचं लॉकर शोधा. हिंदू व्यक्तीने गावाकडेच मृत्युपत्र केलं असेल आणि घरही गावात असेल, तर प्रोबेट म्हणजे न्यायालयाकडून मृत्युपत्र सिद्ध करून घेणं सक्तीचं नाही. मात्र वारसांत वाद असेल तर ते करून घेतलेलं बरं. मृत्युपत्र मुंबईत केलं असेल तर आधी वकिलाला दाखवा.

3) वारस कोण कोण?
मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायदा, 1956 प्रमाणे पत्नी, मुलगे, मुली आणि मयताची आई यांना समान वाटा मिळतो. आजी हयात असेल तर तिलाही विसरू नका. आधी वारलेल्या मुलाची बायको-मुलं आणि आधी वारलेल्या मुलीची मुलंही वारस आहेत, त्यांना मिळून त्या मुलाचा किंवा मुलीचा वाटा मिळतो. "बहिणीचं लग्न झालंय, तिचा काय संबंध?" हे कायद्यात चालत नाही. मुस्लिम आणि ख्रिश्चन कुटुंबांना वेगळे नियम लागू होतात.

4) वारसनोंद
गावठाणातल्या घरासाठी ग्रामपंचायतीत अर्ज करा. सोबत मृत्यूचा दाखला, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र आणि सगळ्या वारसांचं आधार जोडा. मालमत्ता पत्रक निघालं असेल तर भूमी अभिलेख कार्यालयातही नोंद करावी लागते. घर शेतजमिनीत असेल तर सातबाऱ्यावर तलाठ्याकडून वारस लावून घ्या.

लक्षात ठेवा, नमुना 8 चा उतारा हा घरपट्टीचा कागद आहे. त्यावर एकट्या भावाचं नाव लागलं म्हणून बाकीच्यांचा हक्क जात नाही.

वारसांबद्दल शंका असेल किंवा गिऱ्हाईक मागत असेल, तर दिवाणी न्यायालयातून वारस प्रमाणपत्र काढावं लागतं. सक्सेशन सर्टिफिकेट वेगळं. ते बँकेतल्या ठेवी, शेअर्स, येणं रक्कम यांच्यासाठी असतं, घरासाठी नाही.

5) हक्कसोड पत्र
एखाद्या वारसाला वाटा नको असेल तर हक्कसोड पत्र दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवूनच घ्या. साध्या स्टॅम्पवरची सही किंवा तोंडी होकार पुढे टिकत नाही. कुणाचीही सही न समजावता घेऊ नका. वाटा हवा असेल तर तीसुद्धा विक्रेती म्हणून खरेदीखतावर सही करेल आणि पैसे तिच्या खात्यात जातील. सरळ मार्ग हाच.

6) वारस अज्ञान असेल तर
18 वर्षांखालच्या मुलाचा वाटा विकण्याआधी न्यायालयाची परवानगी घ्या. नाहीतर सज्ञान झाल्यावर तो मुलगा व्यवहार रद्द करून मागू शकतो.

7) शेवटची तपासणी
- घरपट्टी, पाणीपट्टी, वीजबिलाची थकबाकी भरा.
- सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा असेल तर फेडून नोंद कमी करून घ्या.
- चतुःसीमा आणि क्षेत्र जागेवर जुळतं का ते पाहा. शेजाऱ्याशी बांधावरून वाद असेल तर आधी मोजणी करा.
- आपला हिस्सा बाहेरच्याला विकण्याआधी भावंडांना विचारा. सहवारसांना तो आधी घेण्याचा हक्क कायद्याने आहे.
- इसार असो की पूर्ण रक्कम, 20 हजार रुपये किंवा त्याहून जास्त रोखीत घेऊ नका. तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. चेक किंवा खात्यावरच घ्या.

एक गोष्ट आधी करा. सगळ्या भावंडांना एकत्र बसवून उतारा सर्वांसमोर वाचा. खरेदीखताच्या दिवशी निबंधक कार्यालयात भांडण्यापेक्षा घराच्या ओसरीवर दोन तास बोललेलं स्वस्त पडतं.